एक जुलैचा केक

१ जुलै, गोरेगाव

आजही शाळेच्या फळ्यावर दिनविशेष मीच लिहिला. वर जन्म, खाली मृत्यू, रोजच्यासारखं. मग स्टाफरूममध्ये केक. हेडसर, मी, आणखी दोघं, सगळे एक जुलैचे. लहानपणी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट हीच तारीख टाकून दिली, आणि आम्ही अजून त्यावर टाळ्या वाजवतो. वैताग आला नुसता. जगभरातल्या माणसांच्या जन्मतारखा मुलांकडून पाठ करून घेते, आणि माझी?

घरी येऊन आईला फोन लावला. माझा खरा दिवस कोणता, विचारलं.

"आता काऊन विचारून राहिली?"

"सांग ना."

मग म्हणाली, "तुहा आजा सकाळी गेला, अन् सांजच्याले तू झाली. घरात रडारड होती बाई, पेढे कोण वाटन?"

आईकडच्या बैठकीतला आजोबांचा फोटो. खाली पांढऱ्या रंगात मृत्यूची तारीख. त्या दिवशी दरवर्षी काच मीच पुसायची, हार मीच घालायचा. आई बाजूला उभी असायची. एकदाही बोलली नाही. राग तरी कोणावर काढू? तिच्यावर? आजोबांवर?

उद्या फळ्यावर पुन्हा वर जन्म, खाली मृत्यू. आमच्या घरी खालचंच तेवढं लिहिलं गेलं. माझी तारीख कायम भिंतीवरच होती, आणि मी तिला इतकी वर्षं हार घालत आले.