उजवा कान निर्दोष

कार्तिक शुद्ध द्वितीया, सोमवार

श्रीनागनाथा, तुझ्या कृपेने दृष्टी निर्मळ राहो; हातून लिहिले जाईल ते सत्य असो. विषय कानदुखीचा.

कळमनुरीजवळच्या तांड्यावरून गंगाबाई दवाखान्यात आल्या. सोबत मुलगा प्रकाश. उजवा कान महिनाभर ठणकतो. "चांदीच्या भारानं झालं म्हनून सारं उतरवून ठेवलं." मुद्रा ओकीबोकी. आधीच्या कागदावर 'कानात संसर्ग', थेंबांवर थेंब. मी पाहिले: पडदा स्वच्छ, पाळी ओढली तरी वेदना नाही. तोंड उघडण्यास सांगितले.

"कान दुखून राहिला अन् तोंड काहून पाहता?"

जिभेच्या मुळाशी, उजवीकडे, व्रण. कडा कठीण. तंबाखू पुष्कळ वर्षांची. जिभेची वेदना कानात उमटते, हे त्यांना सांगितले.

तृतीया, मंगळवार

नोंदणी पाहणाऱ्या नसरीनने जुन्या कागदावरून निदानाच्या जागी संसर्गाचाच संकेतांक संगणकात घातलेला. काढावयास लावला.

"डॉक्टरसाहेब, नुसती कानदुखी बराबर न्हाई दिसत. वरून विचारतील, निदान कुठंय?"

"सांग, निदान व्हायचे आहे."

पुढील तपासणी नांदेडच्या मोठ्या रुग्णालयात; संसर्ग लिहिला तर तेथेही पुन्हा थेंबच.

नांदेडची चिठ्ठी न्यावयास आलेल्या प्रकाशचा हट्ट उलट. "मंग कॅन्सरच लिवा ना साहेब, लवकर घेतील." आई आहे त्याची, रागावलो नाही. परंतु सिद्ध न झालेले नाव कसे लिहावे?

चिठ्ठी अशी: उजवी कानदुखी. कान निर्दोष. जिभेच्या मुळाशी उजवीकडे व्रण, कर्करोगाची शंका. तुकडा तपासावा. तातडीचे.

संकेतांक दोनच, वेदनेचा आणि व्रणाचा. शंकेची जागा चिठ्ठीत.

पंचमी, गुरुवार

नांदेडहून तेथील डॉक्टरीणबाईंचा फोन. "सर, चिठ्ठी वाचली अन् थेट जीभच पाहिली." तुकडा घेतला. नसरीनला सांगितले.

"आता विचारूच द्या वरून!"

संध्येस मन स्थिर.

सप्तमी, शनिवार

अहवाल अद्याप नाही. गंगाबाई आल्या, दागिने फडक्यात बांधून.

"कानाचा दोष न्हाई म्हन्ता. मंग घालू का?"

"घाला."

तिथेच बसून घातले. आरसा प्रकाशच्या हाती. लक्ष आईच्या तोंडाकडे, आरसा तिरका.

"सरळ धर की लेकरा. कान माझा दुखून राहिला, तुझा न्हाई."

नसरीन हसली. प्रकाशही, थोडासा.

अहवालात काय निघेल ते नागनाथ जाणे. शोध योग्य जागी चालू आहे, एवढे मी जाणतो.

ज्याच्या हाती हे पान येईल, त्याचे दुखणे वेळेवर ओळखले जावो. त्याचा देह निरामय असो.