पाण्याचा रेणू मी वाकवला

४ सप्टेंबर
ठरलं. नळी सरांना सोडायचं नाही. रसायनशास्त्राचे सर. परीक्षानळीसारखे उंच, बारीक, आतून रिकामे. ‘आम्ल कसे ओळखाल?’ मी लिहिलं होतं, चाखणाऱ्याच्या तोंडावरून. त्यांनी पेपरचा फोटो काढून थेट मोठ्या स्क्रीनवर लावला. साठ पोरं हसली. शेजारचा जाड्या तर हसता हसता बाकाखाली गेला. मीही हसलो. पण कुणाकुणाचे दात दिसले ते लक्षात आहे.

९ सप्टेंबर, मधली सुट्टी
सोमवारी तपासणी. मोठे साहेब येणार. सर त्यांना स्वतः बनवलेले रेणू स्क्रीनवर फिरवून दाखवणार. पासवर्ड टाकताना सर तोंडाने पुटपुटतात. देव त्यांचं भलं करो. मी करणार नाही.

१० सप्टेंबर
काम फत्ते. लॅबमध्ये तीन मिनिटं मिळाली. पाण्याचा रेणू, मधे लाल गोळा, दोन बाजूंना पांढरे, काठीसारखा सरळ. दोन्ही पांढरे खाली ओढले. आता पाणी म्हणजे मोडलेलं कोपर. सोमवारी अख्खा वर्ग सरांना हसेल, मी गंभीर बसेन. तसा चेहरा आरशात करून बघितला. आई म्हणाली, पोट दुखतंय का रे?

१३ सप्टेंबर
कुणी हसलं नाही.
साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, वा, बरेच जण पाणी सरळच दाखवतात, तुम्ही कोन बरोबर घेतलात. सरांनी स्क्रीनकडे बघितलं, परत बघितलं, म्हणाले, मेहनत घेतो साहेब.
साहेबांना काही येत नाही, उघड आहे. मी मोडलेली वस्तू बरोबर कशी असेल? आजवर झालेली नाही.

१४ सप्टेंबर
साहेब खूश, म्हणून शाळा सुटल्यावर रोज एक तास स्क्रीनवर रेणू. माझ्यामुळे. बोलायचीही सोय नाही.

१७ सप्टेंबर
चाचणी. पाण्याच्या रेणूची आकृती काढा. जाड्यासकट सगळ्यांनी वाकडी काढली. मेंढरं. मी पट्टी लावून सरळ काढली. सरांनी मुळात सरळच बनवलेला, मार्क द्यावेच लागतील. मग त्यांचं तोंड बघण्यासारखं होईल.

२० सप्टेंबर
वर्गात शून्य एकट्याला. पुस्तक उघडलं, पहिल्यांदाच. त्यातही वाकडंच आहे.
जाड्याला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. तो रेणू मी वाकवला, ती शाबासकी माझी. त्याने माझा पेपर घेतला, पट्टीने मारलेली रेघ नीट बघितली. म्हणाला, लेका, तुला साधं पाणी काढता येत नाही, तू ते वाकवणार कसलं?