ऋतुजाचं पुस्तक जप्त केल्याची हकीकत

तीर्थरूप उमाक्कास,

ताडकळसहून धाकट्या शिवाप्पाचा, पायावर डोकं ठेवून शरणार्थ. दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का? इकडे सगळे बरे आहेत, एक मी सोडून. फोन का केला नाही म्हणशील, तर तू हसायला लागलीस की मला पुढचं बोलता येत नाही, आणि ही गोष्ट मध्येच थांबवण्यासारखी नाही.

दिवाळीत तू आमच्या ऋतुजाला जे जाडजूड पुस्तक दिलंस, त्याबद्दलची ही तक्रार आहे (निदान लिहायला बसलो तेव्हा तक्रारच होती). पोरगी नववीत, आणि त्या पुस्तकापायी गॅसवरचं दूध दोनदा उतू गेलं. त्यात शेजारच्या सुमनबाईंनी वरचं चित्र पाहिलं, टिटवीवर बसून उडणारी पोरगी, आणि ‘शिवाप्पाची लेक मंतर शिकायलीय’ असं गल्लीभर केलं. मी पुस्तक उचललं आणि दुकानात पितळी घागरींच्या मागे ठेवून दिलं. ऋतुजा रडली नाही, भांडली नाही. विसरली असेल, असं मी समजलो.

आता त्यात वाईट काय आहे हे कळल्याशिवाय पोरीला रागवायचं कसं? म्हणून वाचायला घेतलं (केवळ म्हणूनच, अक्का). त्यातली पोरगी अशी, की तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यानं दिलं की तिचा थोडा भाग दिसेनासा होतो. आधी नखं, मग बोटं. एक दिवस ती आपला आवाज शोधायला घर सोडते आणि टिटवीवर बसून निघते. लय भारी लिहिलंय. ऐन बाजाराच्या दिवशी चुडाव्याच्या बायनाबाई भाचीच्या लग्नासाठी कुकर घ्यायला आल्या, तर मी पानावरची नजर न काढता त्यांना एका कुकरवर दुसऱ्याच कुकरचं झाकण दिलं. त्या परत आल्या त्या भर बाजारात माझा उद्धार करतच.

एवढ्यावर भागलं असतं. पण शाळेत पालकांची सभा होती, पोरंही बसलेली, आणि मला बोलायची हौस. अशा पुस्तकांनी पोरं बिघडायलीत, असं ठणकावून सांगायला मी उभा राहिलो. उदाहरण म्हणून गोष्ट सांगायला घेतली, आणि सांगतच राहिलो. मागून किशनराव (यांचा नातू ऋतुजाच्याच वर्गात आहे) म्हणाले, “मग त्या टिटवीचं पुढं काय झालं?” मी तेही सांगितलं, पंख हलवून. शेवटी परमेश्वर सरांनी मला हातानं थांबवलं आणि ऋतुजाला विचारलं, “तुला कसं वाटलं पुस्तक?”

मी चटकन म्हणालो, “तिला काय इचारता सर, ती लाजती.”

मग किशनराव म्हणाले, “गेलं एक बोट.”

सगळे खो खो हसले. अक्का, मी खरोखर तिच्या हाताकडे पाहिलं. तिनं मूठ ओढणीत लपवली होती आणि ती हसत नव्हती. पाहुण्यांनी कितवीत आहेस विचारलं तर मीच सांगतो. डॉक्टरनं कुठं दुखतंय विचारलं तरी मीच. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. जमीन फाटली असती तर बरं झालं असतं, पण शाळेतली फरशी नवीनच बसवलेली.

तेवढ्यात ऋतुजा उभी राहिली. “बाबा, तुमी कुठपर्यंत वाचलं?”

मी म्हणालो, “दलदल ओलांडती तिथपर्यंत.”

“मंग तुमाला आणखी कळलंच न्हाई. ती आवाज शोधायला जात न्हाई. आवाज हाय तिच्याजवळ. ती ऐकणारं माणूस शोधायला जायलीय.”

मी खाली बसलो. मोटारसायकल थेट दुकानाकडे घेतली. दुकान उघडून पुस्तक तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “लय राग आला का माझा?” आणि तोंड मिटून उभा राहिलो. उत्तराची वाट पाहणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. दोनदा माझ्याच ओठावर ‘न्हाई’ आलं. फार वेळानं ती म्हणाली, “हो.”

दाजींना नमस्कार सांग, पण हे पत्र वाचायला देऊ नकोस.

तुझा, मान खाली घातलेला,
शिवाप्पा

ता.क. या पुस्तकाचा दुसरा भाग निघालाय म्हणे. परभणीत मिळाला तर दोन प्रती पाठव. किशनराव रोज दुकानात येऊन विचारायलेत.

ता.क. खरं काम राहिलंच. येत्या उन्हाळ्यासाठी तू ऋतुजाला महिनाभर तिकडे बोलावलं होतंस आणि मी ‘तिला करमणार न्हाई’ असं कळवलं होतं. मी तिला विचारलंच नव्हतं. काल विचारलं. तिला यायचं आहे. ती स्वतः फोन करील, तुला काही माहीत नाही असंच दाखव. मागून माझा आवाज आला तर मला गप बसव.

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी ऋतुजानं हे सगळं वाचलं. म्हणाली, “बाबा, आत्याला एवढं लिहिलं. मला कवा सांगणार?” अक्का, इथंच थांबतो. ती समोर बसलीय.