याकूब नावाड्याचा डावा हात

कोल्हापूर,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसीम यास,
लालाभाईचा सलाम आणि दुवा.

इकडे सर्व खुशाल. अम्मीचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण बोलणं काही कमी झालेलं नाही. दुकानात जुन्या फायलींच्या बांधणीचं काम आलंय, कागद इतके जीर्ण की श्वास धरून उलटावे लागतात. तुझ्याकडे माग व्यवस्थित चालू आहेत ना? फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तसंही माझ्या बोलण्यापेक्षा माझं अक्षर बरं, असं तूच म्हणायचास.

काल दुपारी पुस्तकं दाबाखाली ठेवली आणि खळीच्या उबदार वासात बसल्या जागी डोळा लागला. स्वप्नात सगळीकडे धुकं. खाली नदी होती, पण पाण्याचा आवाज नव्हता. तुझ्या मागांचा होता, लांबून येणारा, खट्टक खट्टक. लाकडी पुलावर आपल्या खेळातला तुझा याकूब नावाडी उभा. आपण त्याला पुठ्ठ्यातून कापला तेव्हा तो बोटाएवढा होता, इथे माणसाएवढा. डावा हात पुढे, तळवा वर. मी विचारलं, "काय पाहिजे?" त्याच्या तळव्यावर धुकं साचत होतं, दह्यासारखं घट्ट. मी घाबरलो नाही. नुसता बघत राहिलो. जाग आली तेव्हा माझ्याच डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

म्हणून दीड वर्षापूर्वीच्या त्या रविवारचं लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो, कारण क्रमाला महत्त्व आहे.

आपण चौघं दुकानाच्या माळ्यावर खेळाचा पट मांडून बसलेलो. तू याकूब, कोडोलीचा विश्वजित पैलवान झालेला, गारगोटीच्या स्नेहलबाई वैदीण आणि मी नेहमीप्रमाणे निवाडा करणारा. पुलावर लढाई. पैलवान पुलाखाली दोराला लोंबकळतोय, दोर याकूबच्या उजव्या हातात, डाव्या हातात ढाल. याकूबला दोन बाण लागलेले. तिसरा लागला तर संपला. स्नेहलबाईंची वैदीण धावत आली आणि म्हणाली, "मी कुपी पुढं करते. घ्या दादा."

नियम माझाच. एका कॉलेजच्या पोरानं बांधणीला टाकलेलं खेळाचं इंग्रजी पुस्तक माझ्यासारख्या सातवी पास माणसानं शब्दकोश घेऊन आठ महिने वाचलं आणि मराठीत वहीत उतरवलं, तो नियम. लढाईत वस्तू द्यायची तर देणारा आणि घेणारा लगतच्या घरांत हवेत, आणि घेणाऱ्याचा एक हात रिकामा हवा. हातातली वस्तू टाकायला पाळी लागत नाही, पण टाकली ती टाकली.

तू क्षणभरही थांबला नाहीस. "ढाल टाकली. डावा हात रिकामा हाय. दे बाई."

मग मी पटावर वाकलो आणि घरं मोजली. "मधी एक घर हाय. हात पोचत न्हाय."

"चाचा, मी जरा पुढं वाकले तर?" स्नेहलबाई म्हणाल्या.

"नियमात वाकणं न्हाय."

"मग ढाल परत उचलू दे की," तू म्हणालास.

"पुढच्या पाळीला."

पुढची पाळी शत्रूची होती. त्याआधी तुला एवढीच मुभा होती, की दोर पुलाच्या खांबाला बांधावा. तो तू बांधलास. मी फासा टाकला. बाण लागला.

तू उठलास, चपला घातल्यास आणि जिन्यात थांबून म्हणालास, "लालाभाई, तुला माणूस नको, नियम पायजे. सांभाळ."

सहा वर्षं सांभाळलेला याकूब गेला. आठवडाभर मागांच्या खडखडाटात तुझं तुला ऐकू येत नाही, आणि रविवारी इथे येऊन तू चार तास बोलायचास, हसायचास. डबा घेऊन आलेली अम्मी खालून विचारायची, "हा वसीमच हसतोय ना?" ते मला कळत होतं. तरी मी कडक राहिलो. भावाला सूट दिली असं कोणी म्हणू नये, हेच डोक्यात. दुसरा कोणी असता तर मी पुन्हा मोजलं असतं. तुझ्या वेळी पुन्हा मोजलं तर तुझ्या बाजूने मोजल्यासारखं दिसेल, म्हणून मोजलं नाही.

आता पुढचं.

तो पट मी दोन कागद जोडून केला होता. जोडताना दुसऱ्या कागदाची पहिली ओळ पहिल्या कागदाच्या शेवटच्या ओळीवर तंतोतंत बसवायची असते, दोन्हींचा आकडा एकच. सव्वीस वर्षं मी बांधणी करतो. माझ्या हातचा जोड नखाला लागत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही सगळे गेल्यावर पट गुंडाळायला घेतला आणि खिडकीच्या उजेडात उलटा झाला. मागे कडेला ओळींचे पेन्सिलीचे आकडे होते. चार, पाच, सहा, सहा, सात.

सहावी ओळ दोनदा आली होती. कागद एक घर सरकवून चिकटवला होता, मीच. याकूब आणि वैदीण यांच्या मधलं घर मुळात नव्हतंच.

मी पट गुंडाळला, सुतळी बांधली, फळीवर टाकला. दीड वर्ष. तुला सांगायचं तर नियम चुकला नव्हता, बांधणी चुकली होती. आणि ते माझ्याने कुणाला सांगवेना.

परवा रविवारी पहिल्यांदा त्या दोघांना पट उलटा करून दाखवला. विश्वजितने आकडे मोठ्याने वाचले आणि म्हणाला, "म्हंजे मास्तर, दीड वर्ष मी दोराला लटकतोय ते तुमच्या खळीपायी व्हय?" मला हसू आलं, त्यालाही.

स्नेहलबाई हसल्या नाहीत. त्यांनी सहावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या सहावर. "म्हणजे माझा हात पोचत होता," इतकंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी वैदीण कधी खेळायला काढली नाही, हे मी दर रविवारी बघत होतो, वसीम. आपण एक पाऊल आधी निघायला हवं होतं, असं त्या बाईला दीड वर्ष वाटत राहिलं. आणि मी समोर बसून चहा पीत होतो.

जाताना त्यांनी विचारलं, "दादांना सांगितलंत?"

याकूब जिवंत आहे, असा निकाल मी देणार नाही. तो पुन्हा माझाच निकाल होईल. तुला वाटलं तर तू दे, नाही वाटलं तर राहू दे.

तू शुक्रवारी नमाजनंतर, मी दुकानात असताना येऊन अम्मीला भेटून जातोस, हे मला माहीत आहे. कपबशी धुतलेली असते, पण तुझी खुर्ची खिडकीकडे फिरवलेली राहते. या शुक्रवारी मी दुकान उघडणार नाही. घरी असेन. मला बघून दारातून फिरू नकोस. अम्मीजवळ बस, मी आतल्या खोलीत राहीन. हाक मारलीस तर बाहेर येईन, नाही मारलीस तर तुझं हसू आतून ऐकेन.

चूक माझी होती. हे वाक्य तीन कागदांवर लिहून खोडलं. या कागदावर राहू देतो.

तुझा मोजायला चुकलेला भाऊ,
लाला