पुरानी मगर

१५ ऑक्टोबर १९५६, सोमवार. सकाळ
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. रोज लिहायचं, खरं तेच लिहायचं.

गेल्या आठवड्यात टॉकीजच्या मालकांनी, शेठजींनी बोलावलं. एक नोव्हेंबरला मध्य भारत जाऊन नवं राज्य येतंय, त्या दिवशी हॉल भरला नाही तर टॉकीजचं कापसाचं गोदाम करतो म्हणाले. मी म्हटलं, भरेल, मॅनेजर मी आहे. पिक्चर डोक्यात तयारच होता: 'अरण्यातला न्हावी'. साताऱ्याला लहानपणी तंबूत चार वेळा पाहिलेला. एक न्हावी जंगलात दुकान मांडतो, अस्वलाची हजामत करतो आणि खडक समजून मगरीच्या पाठीवर आरसा ठेवतो. तसा विनोद पुन्हा झाला नाही. इंदूरचे वितरक लिहितात, एकच कॉपी उरलीय, देशात दुसरी नाही. मी कळवलं, पाठवा. शिवाय जाहिरातीसाठी पिक्चरमधलं एखादं जनावर मिळालं तर तेही पाठवा.

अहल्या म्हणाली, जनावर कोण पाठवतं? बायकोला धंद्यातलं कळत नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
चार दिवस लिहिलं नाही. काम.

इंदूरची तार आली, हिंदीत. जशीच्या तशी उतरवतो: 'फिल्म रवाना मगर पुरानी. गर्मी से बचाएं.'

दोनदा वाचली. मगर पाठवली. म्हातारी आहे, पण मगर ती मगर. अहल्येचं माहेर इथलंच, त्यामुळे ती माझ्या हिंदीला हसते. पण मी हिंदीची कोविद परीक्षा दुसऱ्या वर्गात पास आहे, 'पुरानी' या स्त्रीलिंगावरून लगेच ओळखलं. तार कुणाला दाखवली नाही. सरप्राइज.

२० ऑक्टोबर, शनिवार. दुपार
स्टेशनवरून पेटी आली. लाकडी, खिळे ठोकलेली, साडेतीन हात लांब. वर लाल चिठ्ठी, डेंजर. फटीला नाक लावलं तर आंबूस वास. हमालाने पुढे केलेल्या कागदावर न वाचताच सही केली. पडद्यामागच्या कोठडीत ठेवून किल्ली कमरेला लावली. आमचा ऑपरेटर गोपाळ विचारत होता काय आलं. सासरचं सामान, म्हटलं.

पिक्चरची पेटी मात्र नाही. तारेत तर 'रवाना' म्हटलंय. रेल्वेचा ढिसाळ कारभार. स्टेशनमास्तरला कडक पत्र टाकलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार
गर्मी से बचाएं. म्हणजे काय, ते लहान मुलालाही कळेल. क्षिप्रेचं पाणी मागवून दोन बादल्या फटींतून ओतल्या. आत 'चर्र' झालं. तिला बरं वाटलं असावं. काल संध्याकाळी नदीवरच्या ढीमराकडून, म्हणजे इथल्या कोळ्याकडून, मासळी आणून पेटीपाशी ठेवली होती (धोतराच्या सोग्यात लपवून; आमच्या सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावला नाही). सकाळी पाहतो तर काटासुद्धा शिल्लक नाही.

टॉकीजची मांजर कोठडीच्या झरोक्यात बसून असते. भीतीने अंग फुगलंय बिचारीचं.

२४ ऑक्टोबर, बुधवार
रोज चार बादल्या. समोरच्या जयंतरावांच्या सरकारी कचेरीचा बोर्ड आज उतरवला. कागदपत्रं भोपाळला चाललीत. राज्यच उठतंय तर बोर्ड कशाला, म्हणाले. रिकाम्या भिंतीकडे बघत उभा राहिलो. एवढं राज्य असं बुडतं. परत कोठडीत जायचं होतं, चहा मागवला.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार
पेटी फुगलीय. फळ्या बाहेर आल्यात. ती वाढते आहे. वास आता डोळ्यांना झोंबतो. गोपाळ म्हणाला, 'साहेब, पीछे काहीतरी सडतंय, खोलून बघू का?' मी म्हटलं, जीव प्यारा असेल तर नको. दुपारपासून तिकीटवाला मागच्या दाराने येत नाही.

संकल्प: उद्यापासून घाबरायचं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार
आत गेलो नाही. घाबरलो म्हणून नव्हे, तिला विश्रांती हवी म्हणून. पाणी झरोक्यातूनच सोडलं. आत 'टक्' वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. शेपटी.

टावर चौकात बोर्ड लावला: 'जिवंत मगरीसह'. आमच्या फ्रीगंज वस्तीत दुसरा विषय नाही. एक तारखेची तिकिटं संपली. शेठजींनी पाठ थोपटली. अहल्येने विचारलं, अंगाला मासळीचा वास कसला येतो? ऑफिसची दगदग, म्हटलं.

पिक्चर अजून नाही. रेल्वेला तिसरं पत्र.

३० ऑक्टोबर, मंगळवार. दुपार
स्टेशनमास्तर स्वतः आले, रजिस्टर घेऊन. 'सिनेमा फिल्म, एक पेटी, वीस तारीख', खाली माझी सही. मी म्हटलं, त्या पेटीत मगर आहे. ते दोन पावलं मागे सरले. पुरावा म्हणून तार काढून दाखवली. अहल्या माझा डबा घेऊन आली होती, तिने ती हातातून घेतली. वाचून तिने डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, 'अहो, मगर म्हणजे लेकिन. फिल्म पाठवली, पण जुनी आहे, असं लिहिलंय. येवढं तरी विचारायचं होतं मला.'

गोपाळने खिळे काढले. दहा डबे, गंजलेले, तोंडापर्यंत पाण्याने भरलेले. असली जुनी फिल्म उन्हाने पेट घेते, म्हणून ती तार, असं तो सांगत होता. एकेक रीळ उचलून उजेडात धरत होता आणि खाली ठेवत होता. बुळबुळीत पट्ट्या. चित्रं धुऊन गेलेली. दहाव्या डब्यापर्यंत मला वाटत होतं, एखादं तरी वाचलं असेल.

कुणी हसलं नाही.

३१ ऑक्टोबर, बुधवार
निर्णय: पिक्चर मी स्वतः सांगणार. मला तोंडपाठ आहे. अहल्या नको म्हणाली.

१ नोव्हेंबर, गुरुवार
हॉल भरला. शेठजी पहिल्या रांगेत. मी पडद्यासमोर उभा राहिलो, फिल्म आणि मगर दोन्ही नाहीत हे आधीच सांगितलं. न्हाव्याने दुकान मांडलं. अस्वलाची हजामत झाली, दोघे-तिघे हसले. मग आरसा. पाठीवर आरसा ठेवतो, मगर एक डोळा उघडते, न्हाव्याला आरशात तो डोळा दिसतो.

तिथे थांबलो. मागून एका म्हाताऱ्या अक्कांनी विचारलं, 'फिर वो बचा कैसे?'

तंबू हसून हसून हलला होता तेव्हा. लोक खुर्च्यांवरून खाली पडत होते. हसू आठवतंय. न्हाव्याने काय केलं ते आठवत नाही. गोपाळकडे पाहिलं, अहल्येकडे पाहिलं. त्यांनी तो पाहिलेलाच नाही. आता कुणी पाहणारही नाही.

अक्कांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. लोक एकेक करून उठले.