एक तांब्या इकडे, एक तिकडे

१० फेब्रुवारी १९७४, रविवार
आलो एकदाचा. रहिमतपूरच्या स्टँडवर भजी खाल्ली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि शीळ घालत तीन कोस तुडवले. ग्रामपंचायतीनं मला दुफळीच्या माळाचा राखणदार नेमलंय. सांगलीच्या कॉलेजात विजयमालाची टर उडवणाऱ्याचा दात पाडला, दुसऱ्या वर्षातच पुस्तकं मिटली, त्याचं आज काही वाटत नाही. तिचं गाव हेच. माळावरून तिच्या घराची कौलं दिसतात.
सातारच्या गादीवरून आपलीच माणसं आपसांत लढली, तेव्हाची ही जागा. मेलेले शिपाई इथंच पुरले. वरच्या आळीचे अकरा, खालच्या आळीचे अकरा. दगडांच्या दोन रांगा, मध्ये वाट, आणि रांगांची एकमेकींकडे पाठ.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
जुने राखणदार आकारामतात्या, वाईचे, फौजेत हवालदार होते. मोतीबिंदूसाठी मिरजेला निघालेत. जाताना काम समजावलं. भर दुपारी बाराला एकाच घागरीतलं पाणी घालायचं, एक तांब्या वरच्या दगडाला, एक खालच्या. राखणदार परगावचाच लागतो. पुरलेली माणसं आपलं रगत ओळखत्यात, म्हणाले. मग विचारलं, आजोळ कुठलं रं गड्या? मी ठोकून दिलं, तासगाव.
खरं तर आई इथलीच, वरच्या आळीची. मी दोन वर्षांचा असताना गेली, मामा घर विकून मुंबईला. ओळखणार कोण? खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती आणि विजयमालाही. ती खालच्या आळीची. आजही या दोन आळ्या एकमेकींच्या लग्नात जेवत नाहीत.

१६ फेब्रुवारी, शनिवार
विजयमालाच्या वडिलांना, नानासोंना भेटलो. दात पाडणारा त्यो तूच व्हय, विचारून मिशीत हसले. म्हणाले, पोरगं तापट हाय, पर परगावचं हाय, आमच्या भानगडीत न्हाई, ह्येच लय झालं. चोवीसला सुपारी. त्याआधी रीत म्हणून तिनं एकटीनं भर बाराला आपल्या रांगेपुढं नारळ वाढवायचा.
परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

१८ फेब्रुवारी, सोमवार
वरच्या रांगेतला पहिला दगड वळलाय. तोंड वाटेकडे. जमीन भुसभुशीत असेल. पहारीनं सरळ केला.
वरच्या रांगेचं पाणी जमीन लगेच पिते. खालच्या रांगेचं ओघळून माझ्या पायाशी येतं. तांबडं. इथली माती तर काळी आहे.

२० फेब्रुवारी, बुधवार
सहा वळले. खालच्या रांगेतला एकही नाही.
पाणी घालताना खालच्या दगडाशी हात अडला. राग आला. राग मला नवा नाही. माझा राग डोक्यातून भसकन येतो आणि जातो. हा पायांतून चढला. सावकाश. अजून उतरला नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
अकराही वळले.
आज एकाच रांगेला पाणी घातलं. घागर रिकामी झाल्यावर कळलं.
खालच्या आळीचा धुळा शेरडं घेऊन बांधावरून गेला. जावईबापू म्हणून चेष्टा केली. मी त्याच्या मागं गेलो, पहार घेऊन— त्यानं वळून पाहिलं, तेव्हा थांबलो. काही नाही म्हणालो. पहार कधी उचलली?

२३ फेब्रुवारी, शनिवार
नानासोंना खरं सांगायला दोनदा निघालो. सांगितलं तर ती जाईल. दोनदा परत आलो.
उद्याचाच तर दिवस—
पहार विहिरीत टाकली.

२४ फेब्रुवारी, रविवार
पहार खोपटात. ओली.

साडेअकरा. गावच सोडावं म्हणून निघालो. बांधापुढं पाय उचलत नाही.

ती दिसली. हिरवी साडी, ओटीत नारळ. माघारी जा म्हणून ओरडलो, हात केले. तिला वाटलं, बोलावतोय. हसली—

राग छातीपर्यंत आलाय. माझा नाही हा. माझा नाही.

पहार जड आहे. एका हातानं उचलत नाही, दोन्ही हात लागतात. डावा पहारीवर आहे. म्हणून उजवा लिहिण्यात गुंतवलाय. काहीही लिही. आईचं नाव राहीबाई. वरची आळी. तात्यांनी विचारलं तेव्हाच सांगायला—

वाटेवर आली. तिच्या रांगेपुढं बसली. पाठ माझ्याकडे.

लिहीत राहायचं. थांबायचं नाही. विजू, मागं बघ, पळ, मी अजून लिहि—