साळूची ओ

४ एप्रिल, आष्टी

पोचले एकदाची! परतूरला गाडी वेळेवर आली, तिथून काळी-पिवळी जीप. जीपमध्ये अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि माझ्या मांडीवर चित्रं काढायचा टॅब्लेट, तान्ह्या बाळासारखा. बाजारपेठेत उतरून उसाचा रस प्यायले आणि वाटलं, पुणं सोडलं ते बरंच केलं.

नमन घ्यायला आला होता. त्याच्या घरची सरकी-ढेपेची जुनी दुकानदारी. त्यानं वडिलांच्या गोदामाचा वरचा मजला साफ करून तिथं चार कॉम्प्युटर मांडलेत आणि टीव्हीसाठी अ‍ॅनिमेशन मालिका करतोय. प्रत्येक भागात एका घराचं दुःख. सातव्या भागाचा स्टोरीबोर्ड माझ्याकडे आहे, म्हणजे पडद्यावर कधी काय दिसेल त्याच्या चौकटी मी काढायच्या.

ज्यांची गोष्ट, त्यांच्याच घरी माझी राहायची सोय आहे. गोजरबाई, वय बासष्ट, आणि त्यांची मुलगी दैवशाला. दैवशालाताई शिलाई करतात, नवरा जालन्यात स्टीलच्या कारखान्यात. दोन पत्र्याच्या खोल्या, मागं मोकळं आवार आणि कडुलिंबाचं झाड. रात्री ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तिसरी भाकरी कशी संपली कळलंच नाही.

६ एप्रिल

या घराची एक गंमत आहे. कुणी हाक मारली की नाव पुरं व्हायच्या आत समोरून 'ओ' येते. दैवशालाताई मोरीतून, तोंडाला साबण असतानाही 'ओ' देतात. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. लहानपणी एकदा खेळण्याच्या नादात ओ द्यायला उशीर झाला, तर आईनं फुंकणीनं मारलं होतं म्हणाल्या. कोपराजवळचा व्रण दाखवला. गोजरबाईंनाही त्यांच्या आईनं असंच मारलेलं.

मी ते चौकटीत घेतलं. छान दृश्य होईल.

९ एप्रिल

आज गोजरबाईंनी सगळं सांगितलं. नमननं रेकॉर्ड केलं.

बाहत्तरच्या दुष्काळात त्या नऊ वर्षांच्या होत्या. थोरली बहीण साळू बारा वर्षांची. घरातला दाणा संपला. मागच्या आवारात जुनं पेव होतं, जमिनीत खोदलेला ज्वारी साठवायचा खड्डा, खाली रांजणासारखा फुगीर, वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड. पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं असतं, आत विषारी हवा साचलेली असते. पण पोरं दोन दिवसांची उपाशी होती. त्यांची आई गिरिजाबाई थांबली नाही. दुपारी बारा वाजता तिनं साळूला दोरानं खाली सोडलं. साळूनं एक टोपलं भरून दिलं. दुसरं आलंच नाही. गिरिजाबाई तोंडाशी ओणवी होऊन हाका मारत राहिली.

त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे एकोणतीस वर्षं, ती रोज बाराला मागच्या दारात उभी राहून साळूला तीन हाका मारायची. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोजरबाई उठून दारात गेल्या. 'म्या काई ठरिवलं नव्हतं,' त्या म्हणाल्या. 'तोंडातून आपोआप हाक आली.'

मी त्या हाका रोज ऐकत होते. मला वाटलं, शेजारच्या कुणाला बोलावतात.

पेव अजून आहे. लिंबाखाली, फरशीनं झाकलेलं, शेणानं लिंपलेलं.

१३ एप्रिल

नमनला भागाचा शेवट पटत नाहीये. नुसत्या हाका मारून संपलं तर बघणाऱ्याला काय मिळणार, असं त्याचं म्हणणं. त्याला सुटका हवीय. शेवटच्या हाकेला खालून उत्तर यावं, एवढंच. बारा वर्षांच्या मुलीचा आवाज आत्ता मिळेना, म्हणून तात्पुरता मी दिला. माईकसमोर बसून गोजरबाईंची रेकॉर्ड केलेली हाक कानात ऐकली आणि म्हटलं, 'ओ.'

एका झटक्यात जमलं. नमननं लगेच तो भागात जोडला.

का जमलं ते लिहून ठेवते, इथं कुणी वाचत नाही. आई गेली त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. तिचे तीन कॉल येऊन गेले. मी संध्याकाळी बघितले.

१४ एप्रिल

गोजरबाईंना तो तुकडा ऐकवला. ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढून ठेवला. मग माझा हात हातात घेतला, तळवा उघडून बघितला, दाणे शोधावेत तसा. रडल्या नाहीत. म्हणाल्या, 'बरं झालं बाई. लई वर्षं वाट बघून राह्यले व्हते.'

आज बाराला त्यांनी हाक मारली नाही. पत्र्याखालच्या उकाड्यातही गाढ झोपल्या. मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं.

दैवशालाताईंना संध्याकाळी कळलं. त्यांनी मशीन थांबवलं.

'आमच्या घरात सगळ्या हाकंला ओ देतेत. त्या हाकंला कुणी देत न्हाई. आईनं सांगितलं न्हाई का तुमाला?'

नव्हतं सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

१५ एप्रिल

दैवशालाताईंनी आज पुढचं सांगितलं. सात वर्षांच्या असताना आजीची हाक ऐकून त्यांनी गंमत म्हणून ओ दिली होती. आजी आत आली, हसत, मनगट धरलं आणि लिंबाकडं घेऊन गेली. फरशी कधी सरकवली कळलं नाही. पाय आत गेले होते तेव्हा गोजरबाईंनी पाहिलं. आजीला चार माणसांनी ओढून धरलं. ती ओरडत होती, पोरगी खालून ओ देऊन राह्यली अन् तुमी हिला वर कशाला धरता म्हणून.

'जी ओ देती तिची जागा खाली,' दैवशालाताई म्हणाल्या. 'असं तिच्या डोक्यात बसलं व्हतं. आता आईच्याबी बसंल. तुमी उद्याच्या गाडीनं जा.'

मी हो म्हटलं. पण आठ दिवसांचं काम आहे. गोजरबाई म्हाताऱ्या, हलक्या. मला काय ओढून नेणार?

१७ एप्रिल

गोदामात काम करत होते. बरोबर बाराला हाक ऐकू आली. गोजरबाईंचं घर तिथून अर्धा कोस. नमनला विचारलं, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. घरी फोन केला. आई झोपलीय, ताई म्हणाल्या.

तोंडातून ओ निघाली होती. नमन म्हणाला, कुणाला देतेस?

१८ एप्रिल

गोजरबाईंनी मला जेवायला वाढताना 'साळे' म्हटलं. मी ताट पुढं केलं. ताईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं तेव्हा लक्षात आलं.

खोकला लागलाय. तोंडाला आंबूस चव, जुन्या ज्वारीसारखी.

२० एप्रिल

नमननं आज चौकटी तपासायला घेतल्या. चाळीस चौकटी मागे सरकवत नेल्या आणि विचारलं, हे काय. सगळ्या चौकटींत एकच चित्र. चारी बाजूंनी काळं, मधोमध उजेडाचा गोल, गोलाच्या काठाशी एक वाकलेलं डोकं. खालून बघितल्यासारखं.

मी बाजाराचं दृश्य काढत होते. मला स्पष्ट आठवतंय. केळीवाला काढला होता.

नमन घाबरला. म्हणाला, तो शेवट काढून टाकू, आणि माझ्यासमोर माझी ओ पुसली. बाराची वेळ होती. हाक आली. मी ओ दिली.

२१ एप्रिल

ताई म्हणाल्या, सकाळी पाच वेळा हाक मारली तुम्हाला, प्रियदर्शनी म्हणून. खिडकीतच तर बसला होतात.

मला ऐकूच आलं नाही.

ताईंनी बॅग भरून दिली. जीपच्या थांब्यापर्यंत माझा हात धरून चालल्या. जीपमध्ये बसले. वाटेतल्या रोहिण्यापर्यंत गेले असेन — बारा वाजले — मग एकदम मी लिंबाखाली होते. पायात चप्पल नव्हती. नखांत शेण.

फरशी थोडी सरकलेली.

२३ एप्रिल

गोजरबाईंनी काही केलेलं नाही. हे लिहून ठेवते. त्या झोपतात. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झालाय. त्यांचं ओझं उतरलं — ते कुठं गेलं ते मला —

ताईंनी नमनला बोलावलं. दोघांनी मिळून फरशीवर दगड रचले. मी बघत होते. दगड रचताना माझाच जीव घुसमटला, जसं काही मी —

२४ एप्रिल

खोलीला बाहेरून कडी लावलीय. माझ्याच सांगण्यावरून.

बाराला हाक. आज आवाज गोजरबाईंचा नव्हता.

आईचा होता. माझ्या आईचा. पण नाव साळूच.

तीन वेळा. तिसऱ्या वेळी ती दमलेली वाटली. कॉल करून करून माणूस दमतं तशी.

मी उशीत तोंड खुपसलं. ओ नाही दिली. आज नाही दिली.

२५ एप्रिल

आज आई रडत होती. बारा वाजायच्या आधीपासून. मी किती दिवस ओ द्यायची नाही — एकदा नव्हती दिली — तेव्हा काय झालं ते —

पत्रा उचकटतो. कोपऱ्यातला. हाताला रक्त आलंय.

२६

दगड जड नव्हते.

इथं गार आहे. वही आणलीय. गुडघ्यापर्यंत दाणे, काळे पडलेले. शेजारी टोपलं आहे, अर्धं भरलेलं. वर गोल उजेड. लिहायला पुरतो.

श्वास पुरत नाही.

वर कुणीतरी पळत आलं. बाई आहे. ओणवी झालीय. हाक मारतेय, मोठं लांबलचक नाव आहे — रडत मारतेय — ओळखीचं वाटतं. कुणाचं ते आठवत नाही. ती हात खाली सोडतेय, म्हणतेय ओ दे गं, एकदा ओ दे, म्हंजी कळंल कुठं —

पण तिच्याही मागून दुसरी हाक येतेय. आईची.

साळू.

दोघी एकदम बोलतायत. ओ एकच देता येईल, एवढाच श्वास —

आई, फोन सायलेंटवर होता गं, मी —